लांडग्याचा माळ, बिबट्याचा ऊस

प्राणी कुठे राहतो आणि तिथेच का राहतो, हे प्राणिभूगोलाचे मूळ प्रश्न. फिलिप स्क्लेटर यांनी १८५८ साली पक्ष्यांच्या आधारे पृथ्वीचे सहा प्रदेश पाडले. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८७६ साली दोन खंडांच्या ग्रंथात तीच विभागणी इतर प्राण्यांना लावून दाखवली आणि भारताचा बहुतेक भाग पौर्वात्य प्रदेशात गेला. पुढे दीर्घकाळ या शाखेचे काम म्हणजे यादी करणे आणि नकाशा रंगवणे एवढेच राहिले. त्या नकाशांत डोंगर, नद्या, पाऊस, उंची हे सगळे असे. गाव, कालवा, मेंढरांचा कळप किंवा साखर कारखाना मात्र नसे. प्राण्यांचे जग वेगळे आणि माणसांचे वेगळे, ही कल्पना त्या कोऱ्या जागांमधूनही पक्की होत गेली.

दख्खनच्या पठारावर या अभ्यासाची सुरुवात मात्र माणसांच्या मोजणीबरोबरच झाली होती. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमले. लोकसंख्या, पिके, हवामान यांच्या नोंदी करत फिरणाऱ्या या माणसाने वाटेत दिसलेल्या प्राण्यांचीही नोंद ठेवली. चिंकारा आणि भारतीय लांडगा या दोघांचे शास्त्रीय वर्णन त्याने १८३१ साली प्रसिद्ध केले आणि त्यांच्या शास्त्रीय नावांपुढे आजही साइक्सचे नाव आणि ते साल लिहिले जाते. हे दोन्ही प्राणी विज्ञानाला दख्खनच्या उघड्या, नांगरलेल्या, चारलेल्या मुलखातून कळले. निर्मनुष्य अरण्यात जाऊन शोधावे लागलेले ते प्राणी नव्हेत. ही गोष्ट नंतरच्या काळात जवळजवळ विसरली गेली, आणि ती का विसरली गेली हे पुणे जिल्ह्यातल्या बारामती-इंदापूरच्या मुलखात काम करणाऱ्याला हळूहळू उमगत जाते.

कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव बारामती तालुक्याच्या दक्षिण पट्ट्यात, नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे. १८८५ च्या सुमारास हा कालवा वाहू लागला, भाटघरच्या धरणाने त्याला पाणी दिले आणि पर्जन्यछायेतल्या या कोरड्या मुलखाचे दोन भाग झाले. दक्षिणेला नीरेच्या बाजूने काळी जमीन, पाट, ऊस आणि सोमेश्वर व माळेगाव यांसारखे सहकारी साखर कारखाने. उत्तरेला मोरगाव, सुपे, शिर्सुफळ या बाजूला मुरमाड माळ, बाजरी, ज्वारी आणि पावसाची वाट. तालुक्यातली माणसे याला बागायत भाग आणि जिरायत भाग म्हणतात. राजकारण, सोयरिकी, जमिनीचे भाव या सगळ्यांत ही विभागणी चालते. प्राण्यांच्या वाटण्यातही तीच रेषा चालते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक पक्षी आणि जमिनीवर घरटे करणारे चंडोल कालव्याच्या वरच्या अंगाला, माळावर. कोल्हा, रानमांजर, मुंगूस, रानडुक्कर आणि अलीकडे बिबट्या कालव्याच्या खालच्या अंगाला, उसात. वॉलेसच्या नकाशात खंडांच्या सीमा समुद्राने आणि पर्वतांनी ठरतात. इथे एका तालुक्यातली सीमा सुमारे दीडशे वर्षांपूर्वी काढलेल्या पाटाने ठरली आहे.

कोऱ्हाळ्यातून गाडीने तासाभरात सुप्याच्या माळावर पोहोचता येते. तरीही या पट्ट्यातला विद्यार्थी अभ्यासाला लागतो तेव्हा त्याच्या मनातले वन्य जीवन फार दूरचे असते. शालेय भूगोलात गवताळ प्रदेश म्हटला की सॅव्हाना, प्रेअरी, पंपास, स्टेप ही नावे पाठ होतात आणि गवतावर झेब्रा, जिराफ, सिंह उभे राहतात. साहित्याने जे रान मराठी वाचकाला दिले तेही मोठ्या प्रमाणात विदर्भातले आहे. व्यंकटेश माडगूळकर माणदेशचे, याच कोरड्या पट्ट्याच्या शेजारचे. ‘बनगरवाडी’त त्यांनी माळावरच्या धनगरांचे जग उभे केले, पण वन्य प्राण्यांसाठी ते भंडाऱ्याच्या अरण्यात गेले आणि ‘नागझिरा’ लिहिले. मारुती चितमपल्ली जन्माने सोलापूरचे. त्यांच्या लेखनातले रान प्रामुख्याने नवेगाव बांध, नागझिरा आणि मेळघाटाचे. या दोघांनी मराठी वाचकाला निसर्ग पाहायला शिकवले, याबद्दल कृतज्ञताच हवी. पण त्यातून एक चित्र ठसले: खरे रान म्हणजे दाट झाडी, आणि झाडी नसलेला माळ म्हणजे रिकामी जागा.

सरकारी कागदांनीही याच चित्राला बळ दिले. महसुलाच्या हिशेबात ज्या जमिनीतून पीक येत नाही ती पड, आणि वनखात्याच्या हिशेबात जिथून लाकूड येत नाही ते निकृष्ट वन. ब्रिटिश काळात इमारती लाकडासाठी उभ्या राहिलेल्या खात्याला गवताचे मोल चाऱ्यापुरते होते. स्वातंत्र्यानंतर पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशांतही गवताळ माळ मोठ्या प्रमाणात गेले. त्यामुळे जलसंधारण आणि वृक्षलागवडीच्या प्रत्येक मोहिमेत माळच आधी नजरेत भरतो. सलग समतल चर खणायचे आणि ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी लावायची, हे काम गेली कित्येक दशके चांगल्या हेतूने चालू आहे. चिंकारा हा उघड्यावर दूरचे बघून पळणारा प्राणी आहे. धाविक आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. माळावर झाडांची दाटी झाली की त्यांना तिथे राहण्याचे कारण उरत नाही. हिवर, बोर, खैर, तरवड यांची विरळ झुडपे आणि मधल्या मोकळ्या जागेत कुसळी, पवन्या, मारवेल हे गवत, अशी या माळाची घडण आहे. ती अर्धवट राहिलेले जंगल नव्हे. पाऊस, उथळ मुरूम, चराई आणि अधूनमधून लागणारा वणवा यांनी ती घडवली आहे.

प्रत्यक्ष काम सुरू झाले की पहिल्यांदा डळमळते ती हद्दीची कल्पना. सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे, मोरगावच्या मयुरेश्वराच्या नावाचे. ते १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी घोषित झाले. त्याचे क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर आहे. काळविटांसाठीचे कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य (१९८०) तर २.१७ चौरस किलोमीटरचे. एवढ्या जागेत एखादे मोठे शिवारही मावणार नाही. नवखा अभ्यासक अभयारण्याच्या नकाशावर चौकोन आखून त्यातल्या लेंड्या, ठसे आणि दिसलेली जनावरे मोजू लागतो. चिंकाऱ्याची सवय कामाला येते: तो ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे तिथे ढीग साचतात आणि कोणता कोपरा वापरात आहे ते कळते. असे ढीग नोंदवत गेले की नकाशावरचे ठिपके हद्दीच्या बाहेर सरकतात. कापणी झालेल्या बाजरीच्या रानात, पडीक गायरानात, दोन गावांच्या शिवेवर, विहिरीच्या मुरमाच्या ढिगाशेजारी ते सापडतात. जनावर पहाटे अभयारण्यातून निघते, हुलग्याच्या रानात चरते आणि ऊन चढता चढता परत येते. ज्या शेतकऱ्याच्या रानात ते चरते त्याला ते रोज दिसते, आणि पुण्याहून आलेला छायाचित्रकार ते अभयारण्यातले म्हणून टिपतो.

मोजणीच्या पद्धतीतही रानाविषयीची एक समजूत दडलेली असते, ती इथे उघडी पडते. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून रात्रभर जनावरे मोजण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. दाट जंगलात उन्हाळ्यात पाणी मोजक्या जागी उरते, तिथे ती उपयोगी पडते. चिंकारा पाल्यातून आणि फळांतून बरेचसे पाणी मिळवतो आणि पाणवठ्यावर न येताही दिवस काढतो. शिवाय बागायतीच्या कडेला पाणी फक्त वनखात्याच्या बशीतळ्यात नसते. ते शेततळ्यात असते, ठिबकच्या गळतीत असते, जनावरांच्या हौदात असते. पौर्णिमेच्या रात्री मचाणावरून दिसलेला आकडा म्हणूनच त्या माळाची पूर्ण हकीकत सांगत नाही. अनुभवी वनरक्षक हे जाणतात आणि रोजच्या गस्तीतल्या नोंदीला अधिक मान देतात. सलग दोन-तीन ऋतू एकाच वाटेने चालणारा वनरक्षक माळाबद्दल जे सांगतो ते एका रात्रीच्या गणनेत येणे शक्यच नाही.

लांडग्याच्या मागावर निघाल्यावर रानाची कल्पना सर्वांत जास्त बदलते. लांडगा शोधायचा तर आधी मेंढ्या शोधाव्या लागतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने बारामती, इंदापूर, दौंडच्या माळांवर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारी बिऱ्हाडे, उतरलेले असतात. दिवाळीनंतर यातले काही वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. काही वाडे बागायतीतल्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवतात, शेतकऱ्याला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावतात, कुत्री मोकळी सोडतात आणि कोणीतरी जागे राहते. लांडगे या सगळ्या हालचालीच्या कडेने राहतात. माळावर जंगली शिकार कमी उरल्यामुळे त्यांचे पोट बऱ्याच अंशी शेळ्या-मेंढ्यांवर आणि मेलेल्या जनावरांवर चालते. माणसाच्या जनावरांवर जगणारा हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, म्हणजे १९७२ च्या कायद्याच्या, पहिल्या अनुसूचीत आहे. कायद्याने तो वाघाच्या पंक्तीला बसतो. त्याची रोजची पंगत मात्र वाड्याशेजारी.

अभ्यासकाला लांडग्याची माहिती मेंढपाळाकडून मिळते, आणि ती मिळवायला वेळ द्यावा लागतो. वाड्यावर जाऊन लगेच वही काढली तर उत्तरे तुटक येतात. वनखात्याचा माणूस समजून काही जण बोलतच नाहीत. चहा होतो, कोणाच्या मेंढीला काय झाले याची चर्चा होते, कारभारणी कोकरांना पाजून येते, आणि मग गोष्टी निघतात. कुठल्या ओढ्याच्या काठाला यंदा पिले घातली आहेत, कळपातल्या लंगड्या मादीचे काय झाले, कुठल्या बाजूने वारे असले की कुत्र्यांना वास लागत नाही, कोणता लांडगा कोकरू उचलतो आणि कोणता नुसता बसून बघतो. थंडीच्या सुमारास पिले होतात, ओढ्याच्या दरडीत, जुन्या मुरमाच्या खाणीत, कालव्याच्या भरावात बिळे असतात, हे पुस्तकात पुढे वाचायला मिळते. वाड्यावर ते आधी ऐकलेले असते. सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात बिलाल हबीब यांनी लांडग्यांच्या बिळांचा अभ्यास केला आणि मादी पिलांना घेऊन बीळ बदलते हे २००७ साली शोधनिबंधात मांडले. त्या निबंधाच्या शीर्षकातच दख्खनच्या पठाराला अर्धवन्य भूभाग म्हटले आहे. या मुलखाचे एवढे नेमके वर्णन फार थोड्या ठिकाणी सापडते.

मेंढपाळाचे लांडग्याशी नाते साधे नाही आणि ते साधे करून सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. कळपात लांडग्याचाही एक वाटा असतो असे मानणारी म्हातारी माणसे माळावर भेटतात. त्याच वाड्यावर, दोन रात्रींत चार कोकरे गेलेला तरुण बिळात धूर कोंडण्याची भाषा करतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. शहरातून आलेला निसर्गप्रेमी पहिल्या गोष्टीवर खूश होऊन ती लिहून नेतो, आणि खात्याची नोंद दुसरीपुरती होते. नुकसानभरपाईची व्यवस्था आहे. खबर द्यायची, वनरक्षकाने येऊन पंचनामा करायचा, जनावराचे शव जागेवर दाखवायचे. गाईम्हशीच्या बाबतीत हे जमते. लांडगा कोकरू तोंडात धरून निघून जातो आणि मागे दाखवायला काही उरत नाही. शिवाय वाडा दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामाला निघालेला असतो, कधी दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. स्थिर गावासाठी आखलेली ही पद्धत फिरत्या माणसाला आणि फिरत्या प्राण्याला पुरी पडत नाही. लांडगा टिकवण्याचा सर्वांत मोठा खर्च आज ज्याच्या नावावर सातबारा नाही असा माणूस करतो आहे, आणि प्राणिभूगोलाच्या अभ्यासाने आधी दाखवायला हवी ती हीच गोष्ट.

लांडगा आणि कुत्रा यांच्यातली सीमाही माळावर पुसट होऊ लागली आहे. पुणे जिल्ह्यातल्या माळावर वेगळ्याच रंगाचे, पिवळसर झाक असलेले जनावर द ग्रासलँड्स ट्रस्टच्या कार्यकर्त्यांना दिसले. त्याच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी बंगळुरूच्या एनसीबीएस आणि अत्री या संस्थांतल्या संशोधकांनी केली आणि ते लांडगा-कुत्र्याचे संकर असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. भारतात अशा संकराचा जनुकीय पुरावा पहिल्यांदाच मिळाला. गावोगावच्या उकिरड्यांवर, कोंबडीखान्यांच्या टाकाऊ मालावर मोकाट कुत्र्यांची संख्या वाढते, ती माळावर जातात, लांडग्यांना रोग देतात आणि त्यांच्याशी संग करतात. इथे वन्य काय आणि पाळीव काय याचे उत्तर रक्ताच्या थेंबात शोधावे लागते आणि तिथेही ते सरळ मिळत नाही. पण त्यावरून रानटी आणि पाळीव असा भेदच निरर्थक ठरवणे घाईचे होईल. भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या फार जुन्या वंशशाखांपैकी एक आहे. ती कुत्र्यांत विरघळली तर परत आणता येणार नाही.

कालव्याच्या खालच्या अंगाला परिस्थिती उलटी आहे. तिथे वन्य प्राणी नव्याने आला आहे. बारामती पट्ट्यात आडसाली ऊस मोठ्या प्रमाणात होतो. जुलै-ऑगस्टात लावलेला हा ऊस दीड वर्षाच्या आसपास उभा असतो, त्यानंतर खोडवा. म्हणजे एकाच शिवारात एक फड तुटला तरी शेजारचा उभा असतो आणि आडोसा कधी पूर्ण संपत नाही. पाणी आहे, डुकरे आहेत, कुत्री आहेत, वस्त्यांवर शेळ्या आहेत. बिबट्याला याहून जास्त काही लागत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसातला बिबट्या महाराष्ट्राला दोन दशकांहून अधिक काळ माहीत आहे. अलीकडच्या वर्षांत तो बारामती आणि इंदापूरच्या उसातही दिसू लागला.

उसातल्या बिबट्याला जंगल तुटल्यामुळे भरकटलेला समजण्याची रीत आहे. विद्या अत्रेय यांनी तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासाने ती समज मोडली. शेतीच्या, दाट वस्तीच्या भागात कॅमेरा ट्रॅप लावून त्यांनी दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे असल्याचे दाखवले. हे बिबटे तिथे राहत होते, पिले वाढवत होते. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. त्याआधी जुन्नर भागात २००१ पासून उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले होते. बिबट्याची जागा जंगलात, म्हणून त्याला जंगलात नेऊन सोडा, असा त्यामागचा विचार. त्या काळात माणसांवरच्या हल्ल्यांचे वार्षिक प्रमाण ४ वरून १७ वर गेल्याचे पुढे अभ्यासात निघाले. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेला आणि रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला एक नर चालत चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटले आणि २०१४ साली त्याच्यावर त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला. प्राण्याची जागा कोणती हे माणसाने कल्पनेने ठरवले आणि त्याप्रमाणे त्याला हलवले, तर परिणाम रक्तामांसाचे होतात, याचा एवढा ठळक दाखला दुसरा नाही.

उसातल्या कामाचा अनुभव घेतलेला अभ्यासक मग फडाकडे ऊसतोड टोळीच्या नजरेने पाहू लागतो. गाळप हंगामात बीड, अहिल्यानगर भागातून आलेली कुटुंबे पहाटेच्या अंधारात फडात शिरतात. मधल्या सऱ्यांत बछडी सापडतात, काम थांबते, वनखात्याला फोन जातो. बछडी तिथेच ठेवून माणसांनी लांब राहिले तर मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते, हे आता वनकर्मचाऱ्यांना चांगले ठाऊक आहे आणि तसे अनेक ठिकाणी केले जाते. ज्या कोपीत टोळी झोपते तिला दार नसते. मुले उघड्यावर असतात, आणि आडोशाला जायचे तर उसातच जावे लागते. बिबट्यासोबत राहायला शिका, हे सांगणे बंगल्यात राहणाऱ्या बागायतदाराला आणि कोपीत राहणाऱ्या मजुराला सारखे लागू पडत नाही.

माणसाने अडवलेल्या पाण्याने प्राण्यांची जागा बदलल्याचे आणखी एक उदाहरण म्हणजे इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवरचे उजनीचे पाणी. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले, सुपीक काठ आणि पळसदेवसारखी जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. त्याच उथळ फुगवट्यावर भिगवण, कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब येतात आणि आज महाराष्ट्रभरातून लोक तिथे पक्षी बघायला जातात. नावाडी म्हणून काम करणाऱ्या कित्येकांच्या घरांना बुडालेल्या जमिनीची आठवण आहे. रोहितांचा थवा खरोखर सुंदर आहे आणि तो विस्थापनाच्या पाण्यावर उतरतो, हे दोन्ही एकाच नकाशात दाखवावे लागते.

जगातही भूगोलाच्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस याच दिशेने विचार केला. विल्यम क्रोनन यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या अस्पर्श निसर्गाच्या कल्पनेची चिकित्सा केली आणि ती कल्पना माणसाच्या इतिहासातून कशी घडली हे दाखवले. जेनिफर वोल्च आणि जोडी एमेल यांनी १९९८ मध्ये, क्रिस फिलो आणि क्रिस विल्बर्ट यांनी २००० मध्ये संपादित केलेल्या ग्रंथांनी प्राणिभूगोलाला नवा अर्थ दिला. माणसे प्राण्यांना कोणत्या जागा नेमून देतात आणि प्राणी त्या नेमणुका कशा मोडतात, हा त्यातला मुख्य प्रश्न. बारामतीच्या माळावर काम केलेल्याला हे विचार परके वाटत नाहीत. इरावती माजगावकर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या अभ्यासात बिबट्या, लांडगा आणि तरस यांचा वावर निम्म्याहून अधिक भूभागात आढळला, आणि त्या भूभागातले संरक्षित क्षेत्र ३ टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे या तीन प्राण्यांचे घर अभयारण्याबाहेर, शेतकऱ्यांच्या आणि मेंढपाळांच्या मुलखात आहे.

परंतु प्राणी माणसांत राहू शकतात, म्हणून माळाचे काहीही केले तरी चालेल, असा अर्थ यातून काढणाऱ्यांपासून सावध राहावे लागते. बिबट्या जुळवून घेतो, म्हणून तो उसात आहे. चित्ता याच पठारावर होता, तो गेला. १९५२ साली तो देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माळढोकासाठी १९७९ साली नान्नज भागात अभयारण्य केले, त्यात कित्येक गावांची खासगी जमीन धरली, लोकांचा रोष ओढवला, पुढे क्षेत्र कमी केले, आणि माळढोक तर महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला. अर्धवन्य भूभागातही कोणाला जागा मिळते आणि कोणाला मिळत नाही, याचा हिशेब असतो. उंच गवत, मोठे मोकळे क्षेत्र आणि कमी वर्दळ लागणारे प्राणी त्यात हरतात.

जिरायत भागाचे पाण्याचे मागणे न्याय्य आहे. जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेचे पाणी सुप्याच्या बाजूला पोहोचते तेव्हा तिथल्या शेतकऱ्याच्या पिढ्यांची तहान भागते, आणि चिंकाऱ्यासाठी त्याने कोरडे राहावे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र पाणी जिथे जाते तिथे ऊस जातो, ऊस जातो तिथे बिबट्या जातो आणि माळ मागे सरतो. प्राण्यांचा पुढचा नकाशा पंपगृहांच्या जागांवरून आजच बराचसा सांगता येतो. योजना आखतानाच वनखात्याच्या आणि गायरानाच्या माळांचे तुकडे एकमेकांना जोडलेले राहतील असे बघितले, तर दोन्ही गोष्टी साधण्याची शक्यता आहे. पंचवीस वर्षांनी भिंती घालून ते जमणार नाही. वनखात्याने इंदापुरातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला अलीकडे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. पडीक म्हणून हिणवलेल्या माळाला त्यामुळे प्रथमच काही मान मिळाला. सफारीची वाट आणि मेंढ्यांची वाट यांत तंटा होऊ नये, एवढी काळजी तिथे घ्यायला हवी, कारण चराई बंद करून गवत राखले तर लांडग्याचा माळ टिकेलच असे नाही.

कोऱ्हाळे बुद्रुकपासून सुप्यापर्यंतच्या शाळांतल्या भूगोलाच्या शिक्षकांना एक विनंती करता येईल. सॅव्हाना आणि प्रेअरी जरूर शिकवाव्यात, पण त्याच तासाला गावाचा नकाशा फळ्यावर काढून मुलांना विचारावे की कोल्हा, खोकड, चिंकारा, लांडगा, बिबट्या घरात कोणी कुठे आणि कोणत्या महिन्यात पाहिला. गावाजवळ वाडा उतरला असेल तर मुलांना तिथे न्यावे आणि मेंढपाळाकडून त्या नकाशात दुरुस्त्या करून घ्याव्यात. दर वर्षी असा एक नकाशा शाळेत जपून ठेवला, तर दहा वर्षांत या तालुक्याच्या माळाचा इतिहास तयार होईल. आज तो कोणाकडेही लिहिलेला नाही.